अणुचाचणीशी संबंधित माजी सैनिक : शोध व संपर्क (खानदेश)

अणुचाचणीच्या ठिकाणी काम केलेल्या किंवा चाचणीच्या वेळी जवळपास तैनात असलेल्या सैनिकांना निवृत्तीनंतर हुडकून काढणे, त्यांच्या प्रकृतीची चौकशी करणे आणि त्यांचे हक्क त्यांना कळवणे. जगभर हे काम फार उशिरा सुरू झाले. १९५७ साली नेव्हाडातील ‘स्मोकी’ चाचणीत उतरवलेल्या सैनिकांमध्ये रक्ताचा कर्करोग आढळला, तेव्हा कुठे १९७८ मध्ये अमेरिकी सरकारने माणसे शोधायला घेतली. तोवर सेंट लुईसच्या अभिलेखागारातील १९७३ च्या आगीत दीड कोटीहून अधिक सेवानोंदी जळून गेल्या होत्या. गोपनीयतेच्या बंधनामुळे कित्येकांनी घरीही तोंड उघडले नव्हते. ते बंधन १९९६ मध्ये उठले. ब्रिटनने आपल्या सैनिकांसाठी पदक जाहीर केले ते पहिल्या चाचणीनंतर ७० वर्षांनी, २०२२ मध्ये.

भारताच्या चाचण्या पोखरणला झाल्या : १८ मे १९७४ आणि ११ व १३ मे १९९८. सर्व भूमिगत. १९७४ चा १०७ मीटर खोलीचा शाफ्ट ६१ इंजिनिअर रेजिमेंटच्या जवानांनी खोदला; १९९८ ची तयारी ५८ इंजिनिअर रेजिमेंटने केली, तीही उपग्रहांची नजर चुकवत, बरीचशी रात्री. किरणोत्सार बाहेर पसरला नाही, अशी सरकारची भूमिका आहे. त्यामुळे एखाद्या जवानाचा शोध घेणे म्हणजे तो आजारी आहे असे धरून चालणे नव्हे, आणि तसे त्याच्या घरच्यांना भासवणे तर क्रूरपणाच ठरेल.

जळगाव व धुळे येथे शोधाची सुरुवात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून करावी. नावावरून माणूस सापडत नाही. खानदेशातल्या एकेका गावात एकाच नावाचे अनेक पाटील असतात. खरी खूण म्हणजे आर्मी नंबर. तो डिस्चार्ज बुकावर आणि पेन्शनच्या आदेशावर (पीपीओ) असतो. पत्त्याची अडचण आणखी वेगळी. १९५० च्या दशकात भरती झालेल्याच्या कागदावर ‘पूर्व खानदेश’ किंवा ‘पश्चिम खानदेश’ हा जिल्हा असतो. पुढे त्यांचेच अनुक्रमे जळगाव व धुळे झाले. शहादा, तळोदा, नवापूरकडच्या जवानाच्या कागदावर धुळे असते, पण १ जुलै १९९८ पासून ते तालुके नंदुरबार जिल्ह्यात आहेत.

सेवेची मूळ नोंद त्या त्या रेकॉर्ड ऑफिसात असते. इंजिनिअर दलातील बॉम्बे सॅपर्सची पुण्यात खडकीला. पेन्शनीविना बाहेर पडलेल्यांचे कागद मात्र २५ वर्षांनी नष्ट केले जातात, म्हणजे १९७४ नंतर लवकरच फौज सोडलेल्यांपुरता हा रस्ता बंद झाला. अशांसाठी तलाठी, पोलीस पाटील, माजी सैनिकांच्या संघटना आणि गावातले जुने फौजी हेच उरतात. पेन्शनर हयातीचा दाखला द्यायला साधारण नोव्हेंबरात बँकेत येतात. भेटीला तो महिना सोयीचा. आकाशवाणीच्या जळगाव केंद्रावरून अहिराणीत आवाहन केल्यास ते शेतावर असलेल्या म्हाताऱ्यापर्यंतही पोहोचू शकते.

शासकीय गुपितांचा १९२३ चा कायदा निवृत्तीनंतरही लागू राहतो. म्हणून तांत्रिक तपशील विचारू नयेत. युनिट, पोखरणचा काळ आणि पुढची दुखणी एवढेच विचारावे. जवान हयात नसेल तर कौटुंबिक पेन्शन घेणाऱ्या पत्नीकडे त्याचा पीपीओ असतो. तिच्याशी बोलताना मुलाला किंवा सुनेला सोबत बसवावे आणि दवाखान्याचे जुने कागद जपून ठेवायला सांगावे.