सैनिकी पलायनास साहाय्य व लष्करी मालमत्तेचा व्यवहार (भारतीय कायदा)

सैन्यातून पळून गेलेल्या सैनिकास आसरा देणे, पळून जाण्यास चिथावणी देणे आणि त्याच्याकडील सरकारी शस्त्रे, गणवेश किंवा साहित्य यांचा गैरव्यवहार करणे हे भारतात दंडनीय अपराध आहेत. यांसंबंधीच्या तरतुदी एकाच कायद्यात नाहीत. सैनिकाला सेना अधिनियम, १९५० व नौदल आणि हवाई दलासाठीचे तत्सम अधिनियम लागू होतात, तर सामान्य नागरिकावर भारतीय न्याय संहिता, २०२३ नुसार दिवाणी प्रशासनाच्या अखत्यारीतील फौजदारी न्यायालयात खटला चालतो.

पार्श्वभूमी

१८६० साली संमत झालेली भारतीय दंड संहिता १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. तिच्या सातव्या प्रकरणात सैन्यविषयक अपराध एकत्र केले होते. पलायनास अपप्रेरणा (कलम १३५), पलायित सैनिकास आसरा देणे (कलम १३६) आणि व्यापारी जहाजावर असा सैनिक लपून राहणे (कलम १३७) ही त्यांतील प्रमुख कलमे होत. १ जुलै २०२४ पासून त्यांची जागा न्याय संहितेच्या अनुक्रमे १६३, १६४ व १६५ या कलमांनी घेतली.

पलायन व गैरहजेरी

रजेशिवाय गैरहजर राहणे आणि पलायन हे वेगळे अपराध आहेत. सेवेत परत न येण्याचा किंवा विशिष्ट महत्त्वाचे कर्तव्य टाळण्याचा हेतू असल्यास गैरहजेरीस पलायनाचे स्वरूप येते. सेना अधिनियमाच्या कलम ३९ नुसार विनापरवाना गैरहजेरीस तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. कलम ३८ नुसार पलायनास सात वर्षांपर्यंत कारावास आहे. सैनिक प्रत्यक्ष युद्धसेवेवर असताना किंवा तसा आदेश मिळालेला असताना पळाल्यास मृत्युदंडाचीही तरतूद आहे.

सैनिक ३० दिवस विनापरवाना गैरहजर राहिल्यास कलम १०६ नुसार चौकशी न्यायालय नेमले जाते. हे न्यायालय गैरहजेरीबरोबरच त्याच्या ताब्यातील सरकारी मालमत्ता, शस्त्रे, दारूगोळा व कपडे यांत काही तूट आहे का, याचीही नोंद घेते. कलम १०५ नुसार पोलीस अधिकारी पलायित असल्याचा वाजवी संशय असलेल्या सैनिकास वॉरंटविना अटक करू शकतो. मात्र त्यास विनाविलंब नजीकच्या दंडाधिकाऱ्यासमोर हजर करावे लागते.

आसरा देण्याचा अपराध

कायद्यातील ‘आसरा’ या संज्ञेचा अर्थ घरात ठेवून घेण्यापुरता मर्यादित नाही. अन्न, पाणी, पैसे, कपडे, शस्त्रे वा वाहन पुरवणे आणि अटक टाळण्यास कोणत्याही मार्गाने मदत करणे यांचा तीत समावेश होतो. नागरिकास दोषी ठरवण्यासाठी सैनिक पळून आला आहे हे त्यास माहीत होते, किंवा तसे मानण्यास कारण होते, हे सिद्ध व्हावे लागते. रजेवर आलेला समजून एखाद्यास ठेवून घेणे एवढ्याने अपराध घडत नाही. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही अशी आहे. हा अपराध दखलपात्र व जामीनपात्र आहे.

याला एकच अपवाद आहे. जुन्या कलम १३६ मध्ये पत्नीने पतीस दिलेला आसरा अपराधातून वगळला होता. न्याय संहितेने ‘पत्नी’ऐवजी ‘जोडीदार’ हा अर्थ स्वीकारल्याने महिला सैनिकाच्या पतीसही हे संरक्षण मिळाले. आईवडील, भावंडे व मुले यांना मात्र ते नाही. त्यामुळे घरी परतलेल्या मुलाला पलायनाची माहिती असूनही लपवून ठेवणारे आईवडील कायद्याच्या कक्षेत येतात, तर त्याच घरातील त्याची पत्नी येत नाही.

सेना अधिनियमाखालील व्यक्तीस अधिक कडक नियम लागू होतात. जाणूनबुजून पलायितास आसरा दिल्यास सात वर्षांपर्यंत, तर पलायन किंवा त्याचा प्रयत्न माहीत असूनही तत्काळ न कळवल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

व्यापारी जहाजाच्या प्रमुखास पलायित लपल्याची माहिती नसली, तरी कर्तव्यातील हयगय किंवा जहाजावरील शिस्तीचा अभाव यांमुळे ती मिळाली नसेल, तर दंड होतो. त्याची मर्यादा ५०० रुपयांवरून ३,००० रुपये करण्यात आली.

लष्करी मालमत्ता

सैनिकास वापरासाठी दिलेली बंदूक, उपकरणे वा कपडे सरकारच्याच मालकीचे राहतात. सेना अधिनियमाच्या कलम ५४ नुसार त्यांची विल्हेवाट लावणाऱ्या किंवा त्यात सहभागी होणाऱ्या सैनिकास दहा वर्षांपर्यंत, तर निष्काळजीपणे ती गमावणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. स्वतःस मिळालेले पदक विकणे वा गहाण ठेवणे हाही याच कलमाखालील अपराध आहे. सरकारी मालमत्तेची चोरी, अपहार व चोरीचा माल अप्रामाणिकपणे स्वीकारणे कलम ५२ मध्ये येते.

नागरिक खरेदीदारास ही कलमे सामान्यतः लागू होत नाहीत. तथापि न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार अपहार वा विश्वासघाताने मिळवलेली वस्तूही ‘चोरीची मालमत्ता’ ठरते. ती तशी आहे हे माहीत असून किंवा तसे मानण्यास कारण असून अप्रामाणिकपणे घेणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शस्त्रे व दारूगोळ्यास याशिवाय शस्त्र अधिनियम, १९५९ लागू होतो. सरकारने रीतसर लिलावात काढलेल्या जुन्या साहित्याची खरेदी या अपराधात मोडत नाही.

गणवेशासारखा पोशाख बाळगणे हा कलम १६८ नुसार अपराध नाही. आपण सैनिक आहोत असे लोकांना वाटावे या हेतूने तो घालणे हा अपराध आहे.