रोलरच्या खाचा

कापसाचा हंगाम लागला की जळगाव-धुळ्यात भावाची, ओलाव्याची आणि गाड्यांच्या रांगांची चर्चा होते. जिनमधल्या रोलरबद्दल कुणी बोलत नाही. पण रुई आणि सरकीची ताटातूट होते ती त्याच्याच पाठीवर, आणि ती पाठ खरबरीत राखणे हे फार जुने कसब आहे.

जळगावपासून जवळच असलेल्या अजिंठ्यात, पाचव्या शतकातल्या चित्रांत, एका रुळाने सरकी काढण्याचे साधन दिसते, असे अभ्यासक सांगतात. सपाट दगडावर कापूस ठेवायचा आणि त्यावरून रूळ फिरवायचा. पुढे एकमेकांविरुद्ध फिरणारे दोन रूळ आले. अठराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत एली व्हिटनीचे दातेरी यंत्र आले. वेग मोठा, पण तंतू तुटायचा. 1840 मध्ये अलाबामातल्या फोन्स मॅकार्थीने पुन्हा रुळाकडे वळून चामड्याच्या रोलरचे पेटंट घेतले. त्यासाठी समुद्रातल्या वॉलरसचे जाड कातडेही वापरले जाई. 1861 ते 1865 च्या अमेरिकन यादवीत मँचेस्टरचा कापूस अडला, त्याच सुमारास खानदेशात रेल्वे पोचली. इथल्या कापसाला मागणी आली, आणि जिनांची भरभराट त्या मागणीतून झाली.

आजचा दुहेरी रोलरचा जिन मॅकार्थीच्याच वंशातला. क्रोम चामड्याच्या चकत्या दांड्यावर एकीला एक घट्ट दाबून रोलर बनतो. तंतू त्याला चिकटून स्थिर सुरीखाली ओढला जातो. हलती सुरी सरकीला ठोकून वेगळी करते. सगळा खेळ पकडीचा. सुरीचा दाब कमी पडला तर तंतू निसटतो, जास्त झाला तर चामडे तापते, झिजते, चकाकू लागते. चकाकी आली की उत्पादन घसरते. मग फिटर रोलरवर तिरप्या, मळसूत्रासारख्या खाचा नव्याने पाडतो. जात्याला टाकी लावावी तसेच हे काम. प्रत्येक वेळी रोलर थोडा बारीक होतो, सुरीचे अंतर पुन्हा जुळवावे लागते. हे अंतर नीट जुळवणारा फिटर मला जिनमधला सर्वांत मोलाचा माणूस वाटतो.

या झिजेची एक वाईट बाजूही आहे. घासलेल्या चामड्याची भुकटी रुईत मिसळते, कामगारांच्या श्वासातही जाते, आणि तिच्यात क्रोमियम असते. मुंबईच्या कापूस तंत्रज्ञान संस्थेची प्रयोगशाळा 1924 पासूनची; तिच्यासह देशातल्या संशोधकांनी या प्रश्नावर काम केले. रबर आणि सुती कापडाच्या थरांचे रोलर निघाले ते याच काळजीतून. ते सगळीकडे यायला हवेत, असे मला ठामपणे वाटते. झीज त्यांनाही आहेच, त्यामुळे फिटरचे काम सुटत नाही. त्याच्या नाकातोंडात जाणाऱ्या भुकटीतले क्रोम तेवढे सुटते.