प्रथमच इटलीला जाताना : थोड्या दिवसांच्या प्रवासाचे नियोजन

रोम व असिसीचे दर्शन घडावे, ही आपल्या भागातील अनेक कुटुंबांची जुनी इच्छा असते. चंद्रपूर वा गडचिरोली जिल्ह्यातील एखादा शिक्षक, परिचारिका, खाणकामगार किंवा शेतकरी असा प्रवास ठरवितो, तेव्हा त्यामागे कित्येक वर्षांची बचत असते; रजा मात्र जेमतेम आठ-दहा दिवसांचीच मिळते. पुन्हा योग येईल की नाही याची शाश्वती नसल्यामुळे रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस, मिलान व नेपल्स ही सर्व शहरे एकाच फेरीत पाहण्याचा मोह होतो. हा मोह आवरणे हाच नियोजनाचा पहिला नियम होय.

हा नियम आपणांस नवा नाही. ताडोबास एका दिवसासाठी आलेला पाहुणा मोहर्ली, कोलारा व नवेगाव ही तिन्ही प्रवेशद्वारे पाहू म्हणतो, तेव्हा आपणच त्यास सांगतो, की एकच द्वार निवडा व पाणवठ्यापाशी शांतपणे थांबा. इटलीत आपण स्वतः पाहुणे असतो. तेव्हा हाच सल्ला आपणही पाळावा.

दिवसांची मोजणी घरापासून करावी

प्रवासाचे दिवस विमानतळापासून नव्हे, तर घराच्या उंबरठ्यापासून मोजावेत. चंद्रपूरहून नागपूर सुमारे १५० किलोमीटर आहे. सिरोंचा, भामरागड वा एटापल्लीकडील प्रवाशास नागपूर गाठण्यातच एक दिवस खर्ची पडतो. पुढे मुंबई वा दिल्ली आणि तेथून बहुधा एके ठिकाणी विमान बदलून रोमचे फ्युमिचिनो विमानतळ, असा मार्ग असतो. इटलीचे घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन, तर हिवाळ्यात साडेचार तास मागे असते. शनिवारी चंद्रपूर सोडणारा प्रवासी रविवारी दुपारी वा सायंकाळी रोमला पोहोचतो. पुढील शनिवारी तेथून निघाल्यास तो सोमवारी घरी येतो. म्हणजे दहा दिवसांच्या रजेत इटलीच्या वाट्यास पाचच पूर्ण दिवस येतात.

पासपोर्ट व नावांतील तफावत

पासपोर्टसाठी विदर्भातील रहिवाशांना नागपूरच्या प्रादेशिक कार्यालयाच्या अखत्यारीत अर्ज करता येतो. आपल्या समाजात येथे एक अडचण वारंवार उद्भवते. बाप्तिस्म्याच्या नोंदीतील नाव एक, शाळेच्या दाखल्यातील दुसरे आणि आधारपत्रावरील तिसरे, असे आढळते. पासपोर्ट, बँकेचे खातेपुस्तक व विमानाचे तिकीट यांवरील नाव अक्षरशः एकच असावे, म्हणून ही दुरुस्ती प्रवासाच्या वर्षभर आधीच करून घ्यावी. दहावी उत्तीर्ण नसलेल्या वडीलधाऱ्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ अशी नोंद असते. ती काही ठराविक देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांपुरती आहे. इटलीच्या यात्रेस तिची आडकाठी नाही.

व्हिसा

इटलीसाठी शेंगेन व्हिसा लागतो. महाराष्ट्रातील रहिवाशांचे अर्ज व्हीएफएस या संस्थेमार्फत मुंबईतील इटलीच्या वाणिज्य दूतावासाकडे जातात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून व किमान पंधरा दिवस आधी करता येतो. परंतु भेटीची वेळ मिळण्यास विलंब लागत असल्यामुळे तीन महिने आधीच सुरुवात करणे श्रेयस्कर. बोटांचे ठसे देण्यासाठी अर्जदाराने स्वतः हजर राहावे लागते. बारा वर्षांखालील मुलांना यातून सूट आहे. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, तर सहा ते बारा वर्षे वयाच्या मुलांसाठी ४५ युरो आहे. सेवाशुल्क वेगळे पडते. व्हिसा नाकारला गेल्यास शुल्क परत मिळत नाही.

परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने मुदत असलेला व गेल्या दहा वर्षांत दिलेला पासपोर्ट, त्यात दोन कोरी पाने, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय प्रवास विमा, मुक्कामाचे व परतीचे आरक्षण, बँकेचे उतारे, आयकर विवरणपत्रे आणि रजेचे पत्र ही कागदपत्रे जोडावी लागतात. शासकीय कर्मचाऱ्याने कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे. शेतकऱ्यास उत्पन्नाच्या व मायदेशाशी असलेल्या नात्याच्या पुराव्यादाखल सातबाराचा उतारा इंग्रजी भाषांतरासह जोडता येतो. बचत खात्यात अर्जाच्या आदल्या आठवड्यात मोठी उसनवार रक्कम भरल्यास संशय निर्माण होतो. शिल्लक हळूहळू वाढत गेलेली दिसावी. व्हिसा हाती येईपर्यंत रद्द न होणारे तिकीट काढू नये.

योग्य ऋतू

एप्रिल-मे व सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने सर्वांत सुखद होत. चंद्रपूरच्या उन्हाळ्यास सरावलेल्यांना रोमचा जुलै-ऑगस्ट असह्य वाटणार नाही, मात्र गर्दी व खोल्यांचे दर त्रासदायक ठरतात. १५ ऑगस्टच्या सुमारास अनेक दुकाने बंद असतात. दिवाळीच्या सुटीत जाणाऱ्यांनी छत्री व गरम कपडे न्यावेत. १ नोव्हेंबर, सर्व संतांचा सण, हा इटलीत सार्वजनिक सुटीचा दिवस असतो.

आठवड्याचा आराखडा

रोम व असिसी ही दोनच मुक्कामाची ठिकाणे ठेवावीत. विमानतळावरून रोमच्या तेर्मिनी स्थानकास थेट रेल्वेने सुमारे अर्धा तास लागतो. आगमनाच्या दिवशी विश्रांतीच घ्यावी.

सोमवार : कोलोसियम, रोमन फोरम व जवळचे संत अनास्तासिया महामंदिर. हे मंदिर रोममधील सिरो-मलबार समाजाकडे सोपविण्यात आलेले असल्यामुळे आपल्या चांदा धर्मप्रांतातील भाविकांना तेथे घरचे वातावरण लाभते. सायंकाळी लॅटरन येथील संत योहानाचे महामंदिर पाहावे.

मंगळवार : व्हॅटिकन संग्रहालये व सिस्टाईन चॅपेल.

बुधवार : सकाळी संत पेत्र चौकात पोपमहोदयांची सार्वजनिक भेट व दुपारी महामंदिराचे दर्शन. या भेटीची प्रवेशपत्रिका विनामूल्य असते; तिचे पैसे मागणाऱ्यापासून सावध राहावे. जुलै महिन्यात ही भेट बहुधा नसते, म्हणून वेळापत्रक आधी तपासावे.

गुरुवार व शुक्रवार : असिसी. रोमहून रेल्वेने सुमारे दोन ते अडीच तास लागतात. स्थानक डोंगरपायथ्याशी, पोर्झियुंकुला असलेल्या महामंदिराजवळ आहे. तेथून गावात बस जाते. संत फ्रान्सिस यांची समाधी, संत क्लारा यांचे महामंदिर व संत दमियानचे मठमंदिर पाहून एक रात्र तेथेच राहावे. दिवसाच्या सहली परतल्यावर हे गाव निवांत होते. २०२६ हे संत फ्रान्सिस यांच्या निधनाचे आठशेवे वर्ष असल्यामुळे त्या वर्षी जाणाऱ्यांनी खोली बरीच आधी राखून ठेवावी. शुक्रवारी सायंकाळी रोमला परतावे.

शनिवार : भिंतीबाहेरील संत पौल महामंदिर व सांता मारिया माज्जोरे. पोप फ्रान्सिस यांना एप्रिल २०२५ मध्ये या दुसऱ्या मंदिरात दफन करण्यात आले. त्यानंतर विमानतळ गाठावे.

उपयुक्त सूचना

ताडोबाचा गाभा भाग मंगळवारी बंद असतो, तशी व्हॅटिकन संग्रहालये महिन्यातील शेवटचा रविवार वगळता रविवारी बंद असतात. कोलोसियमचे तिकीटही आपल्या सफारीप्रमाणेच नावाचे व ठराविक वेळेचे असते. ओळखपत्र जवळ बाळगावे. मंदिरात प्रवेश करताना खांदे व गुडघे झाकलेले असावेत. लहान मंदिरे बहुधा दुपारी काही तास बंद असतात. प्रादेशिक रेल्वेचे कागदी तिकीट गाडीत चढण्यापूर्वी यंत्रात छापून घ्यावे, अन्यथा दंड होतो. रोमच्या रस्त्यांवरील नळांचे पाणी पिण्यायोग्य असते, तेव्हा रिकामी बाटली जवळ ठेवावी. गर्दीच्या बसमध्ये पाकीटमारांपासून जपावे. हॉटेलात दर रात्री दरडोई शहरकर वेगळा द्यावा लागतो, त्याची तरतूद ठेवावी.

सोबत वृद्ध आई-वडील असल्यास दिवसाला एकच मोठे स्थळ ठेवावे व दुपार विश्रांतीस द्यावी, कारण रोममध्ये दगडी रस्त्यांवर बरेच चालावे लागते. फ्लोरेन्स व व्हेनिस वगळल्याची रुखरुख लागेल. परंतु वाचलेले दोन दिवस संत पेत्राच्या समाधीपाशी व असिसीच्या टेकडीवर घालविता येतात. कुटुंबाने निघण्यापूर्वी एकत्र बसून पाहावयाच्या स्थळांबरोबर सोडावयाच्या स्थळांचीही यादी करावी, म्हणजे परदेशी पोहोचल्यावर त्यावरून मतभेद होत नाहीत.