८२ विरुद्ध ४

अमेरिकी काँग्रेसमधली दोन मतदाने मी शेजारीशेजारी ठेवून पाहतो. २७ जानेवारी १९७५ रोजी सिनेटने एफबीआय, सीआयए आदी यंत्रणांच्या चौकशीसाठी समिती नेमली, ती ८२ विरुद्ध ४ मतांनी. १० जानेवारी २०२३ रोजी प्रतिनिधिगृहाने याच धर्तीची उपसमिती नेमली, ती २२१ विरुद्ध २११ मतांनी. या वेळी मते सरळ पक्षानुसार पडली.

२०२३च्या उपसमितीच्या पुरस्कर्त्यांनी दाखला दिला तो १९७५च्या समितीचाच. म्हणून ती नीट पाहायला हवी. सिनेटर फ्रँक चर्च यांच्या या समितीत सहा डेमोक्रॅट आणि पाच रिपब्लिकन होते. तिथेही सारे गोडीगुलाबीने चालले नाही. उपाध्यक्ष जॉन टॉवर आणि बॅरी गोल्डवॉटर या रिपब्लिकन सदस्यांनी १९७६च्या अंतिम अहवालावर सही केली नाही.

तरीही अहवालातली एक नोंद मला मोलाची वाटते. मार्टिन ल्यूथर किंग यांचे फोन चोरून ऐकायला १९६३मध्ये एफबीआयला मंजुरी दिली, ती ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांनी. केनेडी डेमोक्रॅट, चर्चही डेमोक्रॅट. रूझवेल्टपासून निक्सनपर्यंत दोन्ही पक्षांच्या अध्यक्षांच्या कारकिर्दी समितीने तपासल्या.

देखरेखीची कसोटी मला इथे दिसते. विरोधकांच्या काळातल्या फायली उघडायला धाडस लागत नाही. आपल्याच माणसाच्या मंजुरीचा कागद जी समिती स्वतःहून पुढे ठेवते, तिचे म्हणणे दुसऱ्या बाजूलाही सहज झटकून टाकता येत नाही.