प्लेगकालीन सक्तीचे विलगीकरण आणि रुग्णांची मनोवस्था (मुंबई-पुणे, १८९६-९७)

प्रस्तावना :
साथीच्या रोगांचा इतिहास बहुधा मृत्यूंचे आकडे, कायदे व उपाययोजना यांच्या आधारे लिहिला जातो. घरापासून दूर ठेवलेल्या रुग्णाच्या मनोवस्थेचा प्रश्न त्यात उपेक्षित राहतो. प्रस्तुत लेखात १८९६-९७ च्या प्लेगच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

सक्तीचे स्वरूप :
सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान झाले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. पुण्यात रँड यांच्या प्लेग समितीने मार्चपासून गोऱ्या सैनिकांकरवी घरझडती सुरू केली. रुग्णास रुग्णालयात आणि त्याच्या घरच्यांस छावणीत धाडले जाई. एकाच दिवसात कुटुंब दोन ठिकाणी विभागले जाई.

भीतीचा अर्थ :
रुग्णांनी स्वतः लिहून ठेवलेले फारच थोडे उपलब्ध आहे. त्यामुळे त्यांची मनोवस्था लोकांच्या वर्तनावरून जाणून घ्यावी लागते. रुग्णांना लपविणे, शहर सोडून पळणे, रुग्णालयात जीव घेतला जातो अशा अफवा पसरणे, ही त्याची लक्षणे होत. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने मुंबईतील आर्थर रोड रुग्णालयावर हल्लाही केला. अनेक अधिकाऱ्यांनी यास अज्ञान व अंधश्रद्धा ठरविले. तथापि, प्लेगचे बहुसंख्य रुग्ण दगावत असता रुग्णालयात जाणे म्हणजे घरच्यांचा अखेरचा निरोप घेणे, ही समजूत निराधार नव्हती.

या संदर्भात अलीकडील संशोधन उद्बोधक आहे. २००३ च्या सार्स साथीत टोरांटो येथे विलगीकरणात राहिलेल्या १२९ व्यक्तींच्या पाहणीत ३१.२ टक्के व्यक्तींमध्ये नैराश्याची लक्षणे आढळली. या निष्कर्षावरून १८९७ च्या रुग्णांचे निदान करता येणार नाही. मात्र त्यांच्या भीतीला केवळ अडाणीपणा म्हणणेही उचित ठरणार नाही.

आपुलकीचे उपचार :
रुग्णसेवेचा दुसरा मार्गही त्या काळी दिसतो. सावित्रीबाई फुले व डॉ. यशवंत यांनी पुण्याजवळ प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालविला; शुश्रूषा करतानाच संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाईंचे निधन झाले. लोकमान्य टिळकांनी पुण्यात हिंदू प्लेग रुग्णालयासाठी पुढाकार घेतला. मुंबईत विविध ज्ञातींची रुग्णालये निघाली. रुग्णास वेगळे ठेवणे तेथेही होतेच. परंतु भोवती ओळखीची माणसे व परिचित आचार होते. लोकांचा विरोध केवळ विलगीकरणास नसून परकेपणासही होता, असे यावरून म्हणता येते.

समारोप :
प्लेगच्या प्रसारातील उंदरांवरील पिसवांची भूमिका सिमाँ यांनी १८९८ मध्ये मांडली. गाठीचा प्लेग प्रामुख्याने माणसाकडून माणसाकडे पसरत नाही, हे पुढे स्पष्ट झाले. म्हणजेच कुटुंबे विभागण्याचे मानसिक मोल मोठे होते व त्याचा वैद्यकीय लाभ अल्प होता. १८९७ चाच कायदा २०२० मध्ये करोनाच्या साथीत पुन्हा लागू करण्यात आला. रुग्णास वेगळे ठेवणे अपरिहार्य असले तरी त्यास एकाकी ठेवणे अपरिहार्य नसते, हा प्लेगच्या इतिहासाचा बोध आजही विचारार्ह आहे.