बावरीचे मस्तक: गोदाकाठच्या एका कथेचा चिनी प्रवास

परभणीच्या बाजारपेठेत भेटवस्तूंच्या दुकानात शिरले की गल्ल्याशेजारी तो बहुधा बसलेला आढळतो: सुटलेले पोट, उघडी छाती, जवळ एक झोळी आणि तोंडभर हसू. दुकानदार त्याला 'लाफिंग बुद्धा' म्हणतो आणि पोटावरून हात फिरविल्यास बरकत येते अशी ग्वाहीही देतो. विहारातील ध्यानस्थ मूर्तीचे आणि या गलेलठ्ठ बाबाचे नाते काय, असा प्रश्न एका विद्यार्थिनीने आम्हांस विचारला होता. उत्तर शोधताना आम्ही चीनला जाऊन पोहोचलो, हे स्वाभाविकच होते. परंतु त्या वाटेचे एक टोक आपल्याच गोदावरीच्या काठी निघेल, अशी अपेक्षा मात्र आम्हांस नव्हती.

पाली सुत्तनिपाताचा पाचवा आणि अखेरचा वर्ग म्हणजे पारायणवग्ग. त्याच्या आरंभी 'वत्थुगाथा' नावाची पद्यमय प्रस्तावना येते. कोसल देशातील बावरी नावाचा वेदपारंगत ब्राह्मण 'अकिंचनत्वा'च्या शोधात दक्षिणापथात उतरतो आणि अश्मकांच्या राज्यात, मूलकांच्या सीमेलगत, गोदावरीतीरी आश्रम करून वेचलेल्या धान्यावर व फळांवर राहू लागतो. मूलकांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे पैठण. अश्मकांची पोतन ही नगरी निझामाबाद जिल्ह्यातील बोधन येथे होती असे सामान्यतः मानले जाते. या दोहोंच्या मधली गोदावरी म्हणजे पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या तालुक्यांना स्पर्श करून जाणारी गोदावरी. आश्रमाची नेमकी जागा दाखविण्याचा मोह आम्ही टाळतो (तेलंगणात बादनकुर्तीचे बेट त्यासाठी दाखविले जातेच). पण जनाबाईच्या गंगाखेडात घाटाच्या पायरीवर बसून ही कथा वाचणाऱ्यास तिच्यातले पाणी परके वाटणार नाही.

बावरी महायज्ञ करतो, होते नव्हते ते दान करून आश्रमात परततो; तोच एक ब्राह्मण दाराशी उभा राहतो. पाय फुटलेले, दात मळलेले, मस्तकावर धूळ. तो पाचशे नाणी मागतो. बावरी त्याला बसवितो, क्षेमकुशल विचारतो आणि आता देण्यासारखे काही उरले नाही, क्षमा असावी, असे सांगतो. त्यावर तो पाहुणा काही मंत्रतंत्राचा देखावा करून शाप देतो: सातव्या दिवशी तुझ्या मस्तकाची सात शकले होतील. तीन वेदांत पारंगत असलेला हा वृद्ध अन्न सोडतो, झुरू लागतो, ध्यानात त्याचे मन रमेनासे होते. आम्हांस या कथेतील सर्वांत खरा क्षण हाच वाटतो. विद्या आणि भीती एकाच देहात सुखाने नांदू शकतात, हे कथाकाराने कसलेही भाष्य न करता दाखविले आहे.

मस्तक फुटण्याची धमकी मराठी वाचकास नवी नाही. चांदोबा वाचून वाढलेल्या पिढीला विक्रमाच्या खांद्यावरील वेताळ आणि त्याची शंभर शकलांची धमकी पाठ असते. पण हिची वंशावळ फार जुनी आहे. बृहदारण्यकोपनिषदात, जनकाच्या सभेत, याज्ञवल्क्य गार्गीला बजावतो की याहून पुढे विचारू नकोस, मस्तक गळून पडेल. गार्गी थांबते. पुढे शाकल्याला उत्तर देता येत नाही आणि त्याचे मस्तक खरोखरच पडते. म्हणजे ही धमकी वादसभेतील शस्त्र आहे. प्रश्न कोठे थांबवायचा हे ते ठरविते. बौद्ध वाङ्मयही येथे सर्वस्वी निरपराध नाही. दीघनिकायातील अंबट्ठसुत्तात उत्तर टाळणाऱ्या तरुणाच्या माथ्यावर वज्रपाणी यक्ष तापलेला लोहगोल धरून उभा राहतो, आणि धमकी तीच: सात शकले. बौद्ध ग्रंथ म्हणजे निखळ विवेकवाद असे मानणाऱ्या आमच्या मित्रांनी हे सुत्त अवश्य वाचावे.

म्हणूनच बावरीची कथा वेगळी ठरते. येथे एक देवता बावरीला सांगते की तो मनुष्य धनलोभी ढोंगी आहे. मस्तक म्हणजे काय आणि ते फुटणे म्हणजे काय, याचे त्याला ज्ञान नाही. मग हे कोणाला ठाऊक आहे? बुद्धाला, असे उत्तर येते, आणि बावरी आपल्या सोळा शिष्यांना उत्तरेस धाडतो. पैठण, माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा, कौशांबी, साकेत, श्रावस्ती, कपिलवस्तू, कुशीनारा, वैशाली आणि शेवटी मगधातील पाषाणक चैत्य, असा तो मार्ग आहे. दक्षिणापथाच्या प्राचीन व्यापारी वाटेचा हा मोलाचा वाङ्मयीन पुरावा. धर्मानंद कोसंबींनी सुत्तनिपात मराठीत आणला आणि त्यांचे पुत्र दामोदर यांनी याच बावरीचा उपयोग उत्तरेकडील वस्ती दक्षिणेकडे कशी सरकली हे दाखविण्यासाठी केला, हा योगही नोंदवून ठेवावा असा.

बुद्धाने दिलेले उत्तर थोडक्यात असे: अविद्या हेच मस्तक होय, आणि श्रद्धा, स्मृती, समाधी, छंद व वीर्य यांनी युक्त अशी विद्या ते फोडते. शाप खोटा आहे असे तो नुसते सांगत नाही, शापाचा अर्थच पालटून टाकतो. जे फुटेल म्हणून बावरी भीत होता, ते फुटावयासच हवे होते. आणि त्यानंतर काय घडते? सोळाही शिष्य एकामागून एक प्रश्न विचारतात आणि कोणाचेही मस्तक गळत नाही. जी धमकी जनकाच्या सभेत प्रश्न थांबविते, तीच येथे प्रश्नांना वाट करून देते. वत्थुगाथा मागाहून जोडली गेली असावी, असे अभ्यासक म्हणतात. चुल्लनिद्देस ही जुनी टीका सोळा प्रश्नांचे विवरण करते, पण या प्रस्तावनेला स्पर्श करीत नाही. तसे असेल तर प्रश्नांच्या त्या प्राचीन मालिकेस साजेशी चौकट शोधताना कोणा कवीला शापाची गोष्ट सुचली, हे त्याच्या प्रतिभेचेच लक्षण मानावे लागेल.

त्या सोळांत अजित आणि तिस्स मेत्तेय्य अशी दोन नावे आहेत. 'मेत्तेय्य' म्हणजेच मैत्रेय. उत्तरेकडील परंपरेत हा शिष्य भावी बुद्ध मैत्रेयाशी एकरूप झाला; 'अजित' हेही मैत्रेयाचेच नाव ठरले. इ. स. ४४५ च्या सुमारास सिद्ध झालेल्या 'शिएन-यु चिंग' या चिनी कथासंग्रहात बावरी भेटतो, पण त्याचा आश्रम गोदावरीवरून उठून पाटलिपुत्रास गेलेला असतो. मैत्रेय हा वाराणसीच्या अमात्याचा सुलक्षणी पुत्र. हा मूल पुढे सिंहासन घेईल या भयाने राजा त्याच्या जिवावर उठतो, म्हणून त्याला मामाच्या घरी धाडण्यात येते, आणि तो मामा म्हणजे बावरी. पाचशे नाण्यांची मागणी आणि सात शकलांचा शाप येथेही आहे, परंतु कथेचे लक्ष शापावरून भाच्याकडे सरकले आहे. मध्य आशियातील तोखारी 'मैत्रेयसमिति' नाटकात आणि त्याच्या उइगुर रूपांतरात (याची मोठी प्रत १९५९ साली हामी येथे सापडली) हाच वृद्ध 'बाधरी' या नावाने आरंभीच येतो. म्हाताऱ्याचे भय मागे पडले. भविष्यकाळाचे आश्वासन पुढे आले. ते आश्वासन किती प्रबळ होते याची कल्पना १३५१ च्या लाल फेटेवाल्यांच्या उठावावरून येते. मैत्रेय अवतरत आहे, या हाकेवर तेथे माणसे जमली.

दरम्यान, दहाव्या शतकाच्या आरंभी चच्यांग प्रांतात बुदाई, म्हणजे 'कापडी झोळीवाला', या नावाचा एक भटका भिक्षू होऊन गेला. मृत्यूनंतर लोकांनी त्याला मैत्रेय मानले. आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नातील हसरा बाबा तो हाच.

हा बाबा 'शी-यौ-ची' म्हणजे 'पश्चिमयात्रा' या कादंबरीतही भेटतो. तिची सर्वांत जुनी उपलब्ध छापील आवृत्ती १५९२ ची. तिच्यातील यात्रिकाचे मूळ, इतिहासातला ह्युएनत्संग, दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला होता, हे वाचकांस ठाऊक आहेच. कादंबरीच्या ६५ व्या व ६६ व्या प्रकरणांत यात्रिकांना एक मठ लागतो. नाव जवळजवळ तेच, ज्याच्या शोधात ते निघाले आहेत. आत सिंहासनावर बुद्ध बसलेला. भोळा गुरू साष्टांग नमस्कार घालतो. वानर सुन वुखोंग मात्र वाकत नाही. त्याला संशय आलेला असतो. तो बुद्ध म्हणजे एक राक्षस, आणि तो राक्षस म्हणजे मैत्रेयाच्याच पदरचा, झोळी व झांज पळवून आलेला पिवळ्या भुवयांचा सेवक. मैत्रेय हसत हसत येतो तेव्हा वानर त्याला घरची शिस्त सांभाळता येत नाही म्हणून सुनावतो, आणि मैत्रेयही निष्काळजीपणा काही अंशी कबूल करतो. देवाला असा जाब विचारणारे पात्र आम्हांस फार आवडते. २०२४ मध्ये आलेल्या 'ब्लॅक मिथ: वुकोंग' या संगणकीय खेळाच्या तिसऱ्या प्रकरणात हा पिवळ्या भुवयांचा राक्षस पुन्हा अवतरला आहे, आमचे काही विद्यार्थी त्याला कादंबरी न वाचताच ओळखतात.

कादंबरीकारापुढे बावरीची कथा होती असे आम्हांस म्हणावयाचे नाही. पण बुद्धाचे सोंग घेतलेल्यापुढे वाकण्यास नकार देणारा वानर आणि शाप देणाऱ्याचे ढोंग उघडे पाडणारी गोदाकाठची देवता, यांची जात एकच आहे. दुकानातील मूर्तीत त्या जातीचे काही उरलेले नाही. भय दाखवून पैसा मागणाऱ्याच्या गोष्टीपासून निघालेली वाट पैसा आणणाऱ्या मूर्तीपाशी येऊन थांबली. याचा दोष चीनला देण्याचे कारण नाही. मराठवाड्यात भानामतीच्या भयाने गावेच्या गावे झुरलेली आहेत, करणी केल्याच्या संशयावरून माणसांना मारहाण झालेली आहे. महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा करण्यास २०१३ साल उजाडावे लागले, आणि तोही नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाल्यानंतर. सात दिवसांची मुदत आणि पाचशेची मागणी हा व्यवहार आमच्या तालुक्यांना अपरिचित नाही. परभणीच्या महाविद्यालयांत बृहदारण्यकाचा उल्लेख होतो, 'पश्चिमयात्रे'चाही क्वचित होतो. बावरीचा मात्र आम्ही तरी ऐकलेला नाही, आणि तो तर शेजारचा.

कथेचा शेवट सांगावयाचा राहिला. बावरीला बुद्धाचे दर्शन होत नाही. तो एकशेवीस वर्षांचा आहे आणि प्रवास त्याच्या शक्तीपलीकडचा. सोळांतील पिंगिय हाही जराजर्जर, दृष्टी अंधुक झालेला. टीकाकार त्याला बावरीचा भाचा म्हणतात आणि एक विलक्षण तपशील देतात. बाकीचे शिष्य बुद्धाचे उत्तर ऐकता ऐकता अर्हत झाले; पिंगिय तेवढा झाला नाही, कारण ऐकत असताना त्याच्या मनात सारखे येत होते की हे माझ्या मामाला ऐकावयास मिळाले नाही. चिनी कथेतला भाचा भावी बुद्ध झाला. हा भाचा ती सारी वाट पुन्हा तुडवीत गोदावरीवर परतला आणि ऐकले ते म्हाताऱ्याला सांगत बसला.