विळा, कोयता आणि कायदा

विळा, खुरपं, कोयता घेऊन आपण रोज रस्त्याने जातो, कोणी अडवत नाही. मग त्याच रस्त्यावर सुरा बाळगला तर गुन्हा का होतो? त्यामागचा इतिहास आज आम्ही सांगणार आहोत.

1857 च्या उठावानंतर इंग्रज सरकारला लोकांच्या हातातल्या हत्याराची धास्ती वाटू लागली. 1878 साली, व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या काळात, हत्यारांचा कायदा झाला. बंदुकीबरोबर तलवार, खंजीर, भाला, धनुष्यबाणही त्यात आले. परवान्याशिवाय हत्यार घेऊन फिरायला बंदी झाली. युरोपियनांना मात्र सूट! हा भेदभाव लोकांना झोंबला. 1930 साली गांधीजींनी व्हाइसरॉयपुढे 11 मागण्या ठेवल्या. मिठाचा कर रद्द करा, या मागणीसोबत स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्या, हीही मागणी त्यांत होती.

स्वातंत्र्यानंतर 1959 साली नवा शस्त्र कायदा आला. त्याने फक्त घरकामासाठी किंवा शेतीसाठी बनवलेल्या वस्तू शस्त्रांतून वगळल्या. 1962 च्या नियमांत मापही आलं: पातं 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद असलेले सुरे शस्त्रांत धरले. सरकारने जाहीर केलेल्या भागात अशी शस्त्रं परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. पण तिथेही शेतीची आणि घरची अवजारं वगळलेली आहेत.

ही सूट आपल्यासाठी फार मोलाची आहे. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात. कोयता म्हणजे त्यांची भाकरी. तोच कोयता कोणी दहशत घालायला उगारला, तर तो शेतीचा आहे ही सबब चालत नाही.

आणखी एक कायदा लक्षात ठेवा, 1951 चा पोलीस कायदा. सण, निवडणूक किंवा तंटा असेल तेव्हा जिल्हादंडाधिकारी मनाई हुकूम काढू शकतात. त्यात चाकू, काठी, इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू येऊ शकते. 

म्हणून हुकूम लागला की बचत गटाच्या बैठकीत तो वाचून घ्या. कोणत्या गावांना लागू, किती दिवस, शेतीकामाला सूट आहे का, हे विचारा. कोयता आपला आहे, तशी कायद्याची माहितीही आपल्याच हाती हवी.